चालतंय तोवर

जोतीरामने शेवटचा स्क्रू काढला आणि कॉम्प्युटरच्या डब्याचा बाजूचा पत्रा ओढला, तेव्हा पत्र्याला चिकटून कापसाच्या तुसाचा एक अख्खा थर बाहेर आला. करडा, जाड, पत्र्याच्याच मापाचा. त्याने तो दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात उचलला.

"ताई, ह्याचं एक जाजम होतंय की."

सिद्धेश्वरीने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. तिने तो थर त्यावर ठेवून घेतला. खालच्या शेडमध्ये टॉवेलचे माग चालू होते आणि त्यांच्या ठोक्याने टेबल नेहमीसारखं थरथरत होतं. जोतीरामने डब्यात टॉर्च मारला. पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, फटींमध्ये तूस होतंच, शिवाय त्यात कसलीतरी मऊ, राखाडी पूड मिसळून त्याचा लगदा झाला होता. त्याने बोटाला लावून वास घेतला.

"विभूती हाय ही. आतल्या देवाला बी लावता काय?"

खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला विभूतीचे तीन पट्टे ओढले जात, तसे कॉम्प्युटरलाही. गिरिजाबाई, म्हणजे सिद्धेश्वरीच्या मोठ्या जाऊबाई, हे काम सढळ हाताने करत आणि डब्याच्या तोंडावरच्या जाळीवर पट्टे चांगले उठतात म्हणून नेमके तिथेच ओढत. जाळीच्या मागे पंखा होता. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं की पंखा आधी विभूती ओढून घेई. डब्याच्या मागच्या अंगाला लावा, असं सिद्धेश्वरीने एकदा सुचवून पाहिलं होतं. देवाला पाठीमागून कुणी कुंकू लावतं का, असं उत्तर आल्यावर तिने तो विषय सोडला.

जोतीरामचं नव्या पेठेच्या मागे दुरुस्तीचं दुकान होतं आणि हा कॉम्प्युटर पहिल्यापासून त्याच्याच हातात होता. त्याने ब्लोअर लावून सगळं झाडून काढलं, पंख्याला तेलाचा थेंब सोडला, यंत्र सुरू केलं. आतलं तापमान बरंच उतरलं होतं. सिद्धेश्वरीने पडद्यावरचा आकडा पाहून मान हलवली. मग होटगीचं डिझाइन उघडलं आणि ते मागासाठी बदलायला लावलं. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यापाशी कुठला धागा वर आणि कुठला खाली हे ठरवायचं आणि मागाला कळेल अशी फाईल तयार करायची, हे त्या यंत्राचं काम. हिरवी पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली आणि उभी राहिली. काल उभी राहिली होती तिथेच.

जोतीराम खाली वाकून पट्टीकडे बघत राहिला. उष्णतेचा प्रश्न नाही, म्हणाला. एवढं मोठं डिझाइन ह्या प्रोसेसरला पेलत नाही. दोन वाटा होत्या. ह्याच बोर्डावर बसणारा याहून ताकदीचा प्रोसेसर जुन्या बाजारात मिळतो, पुण्याहून मागवता येईल. नाहीतर नवीन मशीन. पण डिझाइनचा प्रोग्रॅम ज्याच्याशिवाय उघडत नव्हता ते लॉक जुन्या प्रिंटरच्या पोर्टला लागत होतं, आणि तसलं पोर्ट नव्या मशीनला येत नव्हतं. म्हणजे नव्या मशीनबरोबर प्रोग्रॅमही नवा, आणि तो पहिल्यापासून शिकायचा.

"तुमाला तरास," तो म्हणाला. "दानाताईंना काय, त्या शिकून आलेल्या."

दानेश्वरी ही सिद्धेश्वरीच्या थोरल्या दिरांची, महादेवप्पांची मुलगी. इचलकरंजीला कापडाच्या डिझाइनचा अभ्यासक्रम पूर्ण करून दोन वर्षांपूर्वी परत आली होती. होटगीचं डिझाइन तिचं होतं. होटगीच्या स्टेशनावरच्या पुलावर उभं राहून तिने खालच्या रुळांचा फोटो काढला होता. एकातून दोन, दोनांतून चार फुटत गेलेले रूळ. ते तिने मोठ्या टॉवेलवर एका कोपऱ्यातून सुरू करून सगळीकडे पसरवले होते. कोचीच्या एका व्यापाऱ्याला ते आवडलं होतं आणि त्याला आता पूर्ण नमुना हवा होता.

नुसत्या काठाची पट्टी विणून झाली होती, ती सिद्धेश्वरीच्या ड्रॉवरमध्ये होती. टॉवेलवर तिरकी रेघ काढली की तिच्या पायऱ्या होतात. सिद्धेश्वरीच्या डिझाइनांत तिरक्या रेघा नसतच. चौकटी, कमळं, सरळ वेली असत. दानेश्वरीने पायऱ्यांच्या कडेचे धाग्याचे लूप जरा आखूड ठेवले होते, त्यामुळे पायरीवर सावली पडत नव्हती आणि रेघ सरळ दिसत होती. पट्टी मागावरून उतरली त्या दिवशी सिद्धेश्वरीने ती पालथी करून पाहिली, उलटी करून पाहिली, मग बोट रेघेवरून शेवटपर्यंत नेलं. चांगली आहे, एवढंच ती पुतणीला म्हणाली होती. पुतणी याहून जास्त काहीतरी ऐकायला थांबली होती.

आणि हे सगळं दानेश्वरीला काकूच्या हातूनच करून घ्यावं लागे. चित्र ती स्वतःच्या लॅपटॉपवर काढायची. ते मागाच्या भाषेत आणायचं यंत्र हे एकच, आणि ते काकूचं. खोलीत तिच्यासाठी एक स्टूल होतं. एक ठिपका बदलायचा तरी ती स्टुलावरून सांगायची आणि सिद्धेश्वरी बदलायची. कधी ती म्हणायची, काकू, जरा उठता का, मी पटकन करते. हे संपू दे, असं सिद्धेश्वरी म्हणायची, आणि ते संपेपर्यंत दानेश्वरीला खालून हाक आलेली असायची.

यंत्र काकूचं, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे; ती कारखान्याची रीत होती, महादेवप्पांच्या वडिलांनी घालून दिलेली. नवं यंत्र आलं की त्याच्यापुढे नारळ मालकाने फोडायचा नाही, जो ते चालवणार त्याने फोडायचा. आणि ज्याने फोडला त्याच्याकडून ते यंत्र काढून घ्यायचं नाही. चालतंय तोवर त्याचं. सुटा भाग बदलला तर नारळ लागत नसे. बिरुदेव नावाचा विणकर पाठीच्या दुखण्याने वर्षभर गावाकडे, कुंभारीला, घरी पडून होता, तेव्हा त्याचा माग मेणकापड टाकून झाकून ठेवला होता. ऑर्डरी होत्या, दुसरा माणूसही होता, पण महादेवप्पांनी माग उघडू दिला नाही.

कॉम्प्युटरचा नारळ सिद्धेश्वरीने फोडला होता. तिचा नवरा, महादेवप्पांचा धाकटा भाऊ, आदल्या वर्षी गेला होता. ती रसायनशास्त्राची पदवीधर, आणि कारखान्यात त्या डब्याला हात लावायला कुणी धजत नव्हतं. तिच्या हातून नारळ नको, असं गिरिजाबाईंनी दबक्या आवाजात सुचवून पाहिलं. चालवणार ती, मग फोडणार कोण, असं महादेवप्पांनी मोठ्याने विचारलं होतं, सगळ्या कामगारांसमोर. तेव्हापासून वरच्या मजल्यावरची ही खोली आणि खुर्ची तिची झाली. घरी तिची म्हणावी अशी दुसरी जागा नव्हती. त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती.

संध्याकाळी महादेवप्पा जिना चढून वर आले. त्यांना सगळे अप्पा म्हणत, मुलगीही आणि भावजयही. कपाळावरची विभूती घामाने पुसट झाली होती. जोतीरामने दोन्ही वाटा पुन्हा सांगितल्या, थोड्या लांबवून.

"मागाचा धोटा झिजला तर माग इकतो का आपन?" अप्पांनी विचारलं. "धोटा बदलायचा."

सिद्धेश्वरी उभी राहिली होती. ती म्हणाली की नवीन घेतलेलं बरं. यंत्र जुनं झालं, आज प्रोसेसर, उद्या दुसरं काही निघेल, ठिगळं किती लावायची. शिवाय नवीन प्रोग्रॅमवर दानाला जास्त करता येईल.

अप्पांनी ते ऐकून घेतलं.

"बरं-वाईट मी इचारत न्हाय, सिद्धव्वा. प्रोसेसर बदलून चालतं का न्हाय, एवढं सांग."

बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने कुठले प्रोसेसर त्यावर चालतात ते इंटरनेटवर दिलेलं होतं. तिने दुपारीच ते पाहिलं होतं, आणि बोर्डावरचा क्रमांक टॉर्चच्या उजेडात दोनदा ताडून घेतला होता.

"चालतं," ती म्हणाली.

"किती वर्सं?"

"चार-पाच जातील."

"आयतु," अप्पा म्हणाले, झालं तर मग, अशा अर्थाने हात झटकून. "तुझं यंत्र हाय. चालतंय तोवर तुझंच. आनि नवीन आनलं तरी नारळ कुनाच्या हातानं फोडू? तू पुन्हा शिकत बसनार काय ह्या वयात? दाना तर वैशाखात इजापूरला जाईल. लोक बघून गेल्यात, पसंती कळवल्यात. वर्सभर चालवायला कुनाला खुर्ची देत न्हाय मी."

जोतीरामने पुण्याला फोन लावला. अप्पा त्याच्याबरोबर बोलत खाली गेले तेव्हा दाराशी दानेश्वरी उभी होती. ती केव्हा आली होती कुणी पाहिलं नव्हतं. बापाला वाट देऊन ती आत आली, स्टुलावर बसली आणि पुन्हा उठली.

"काकू, तुम्हाला 'चालत नाही' म्हणता आलं नाही?"

"चालतं, तर चालतं म्हणणार."

"हो. तुमचं बरोबरच असतं."

सिद्धेश्वरी डब्याचा पत्रा जागेवर बसवत होती. खाच जुळत नव्हती. दानेश्वरीने दुसऱ्या बाजूने तो दाबून धरला, आणि पत्रा बसला तरी हात काढला नाही.

"विजापूरचा मुलगा चांगला आहे," ती म्हणाली. "त्यांची ट्रॅक्टरची एजन्सी आहे. घर मोठं आहे. मी नको म्हणतच नाहीये. मला फक्त अप्पांना विचारायचं होतं, इथे माझं काम आहे का. काम आहे म्हणाले असते तर मी थांबते म्हणणार होते. विचारायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, कॉम्प्युटर कुठला घेतात त्यावरून कळेल." तिने पत्र्यावर बोटं वाजवली. "कळलं की."

सिद्धेश्वरी म्हणाली की होटगीचं डिझाइन नव्या प्रोसेसरवर नक्की होईल.

"होईल ना. तुम्ही कराल. छान कराल. मी विजापूरहून फोन करून विचारीन, काकू, लूप आखूड ठेवलेत ना?"

तिचा आवाज चढला नव्हता. लॅपटॉप पिशवीत घालून ती गेली. सिद्धेश्वरीने ड्रॉवर उघडून काठाची पट्टी बाहेर काढली, दिव्याखाली धरली, आणि बराच वेळ ती तिरकी रेघ बघत बसली. तिच्या ह्या खुर्चीतल्या साऱ्या वर्षांत ही रेघ तिला जमली नव्हती. नुसती जमली नव्हती असंही नाही. ती जमू शकते हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

प्रोसेसर पुढच्या आठवड्यात आला. जोतीराम तो स्पंजाच्या तुकड्यात गुंडाळून, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून घेऊन आला, तेव्हा दुपारच्या जेवणासाठी माग बंद होते. खोलीत इतकी शांतता होती की स्क्रू वर्तमानपत्रावर पडलेला ऐकू येत होता. सिद्धेश्वरी शेजारी उभी राहून बघत होती. त्याने पंखा काढला, हीटसिंक काढली, तिच्याखालची जुनी वाळलेली पेस्ट फडक्याने पुसली. एक बारीकशी तार दाबून बाजूला केली, धातूची चौकट वर उचलली आणि जुना प्रोसेसर दोन्ही कडांना धरून सरळ वर काढला. तो त्याने वर्तमानपत्रावर ठेवला. नवा, म्हणजे तोही जुनाच, शेजारी ठेवला. मग खिसे चाचपले.

पेस्टची ट्यूब गाडीच्या डिकीत राहिली होती.

"आलोच," तो म्हणाला. "ह्या पिनांना तेवडा हात लावू नका हां, ताई. केसापरास बारीक असत्यात."

तो जिना उतरून गेला. सिद्धेश्वरीने चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. रिकाम्या चौकोनात पिना रांगेने उभ्या होत्या, शेकडो, सोनेरी. प्रत्येकीचं टोक किंचित एकाच दिशेला कललेलं. टॉवेलच्या न कापलेल्या लूपसारख्या. प्रोसेसरच्या पोटावरचे ठिपके ह्या टोकांवर टेकले की यंत्र सुरू व्हायचं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती वजनं चिमट्याने उचलायची. बोटाचा घाम लागला तर वजन बदलतं. तिची मोजमापं वर्गात कधी पुन्हा करायला लागली नव्हती. ती तशीच वाकलेली राहिली. खाली कुणीतरी डबा घासत होतं, नळाचं पाणी वाजत होतं, जोतीरामच्या गाडीच्या डिकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

तिने टेबलावरची पोलादी फूटपट्टी उचलली. तिची कड पहिल्या रांगेवर टेकवली आणि हलका दाब देऊन स्वतःकडे ओढली. रांग आडवी झाली. काहीच आवाज झाला नाही. तिने शेजारची रांग घेतली, मग तिसरी. मग फूटपट्टी पदराला पुसून ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवर लावला आणि खुर्चीत बसली.

जोतीराम ट्यूबचं झाकण उघडतच आत आला. त्याने वाकून टॉर्च मारला, आणि टॉर्च तसाच धरून राहिला.

"ताई."

"माझा हात लागला."

"हातानं असं..." तो बोलायचा थांबला. खिशातून सुई काढून त्याने एक पिन उचलून पाहिली. ती उभी राहिली. दुसरी तुटली. तिसरीही. त्याने सुई खाली ठेवली.

"अप्पा मला सोडायचे न्हाईत."

"मी सांगते त्यांना. तुमचा यात काही संबंध नाही."

"बोर्ड दुसरा बघू का? पन ह्या पोर्टाचा बोर्ड आता भंगारात बी दिसत न्हाय. गावला तरी आपलं लॉक त्यो घेईल का न घेईल..." तो तिच्याकडे बघत होता, काहीतरी सांगितलं जाईल अशा अपेक्षेने.

ती म्हणाली, "अप्पांना बोलवा."

अप्पा जेवणावरून उठून, हात पुसत वर आले. सिद्धेश्वरी उठून उभी राहिली. माग अजून बंद होते. जोतीराम भिंतीला टेकून उभा होता आणि त्याने ट्यूब दोन्ही हातांत धरली होती.

"काय झालं?"

"पिना वाकल्या. माझा हात लागला. जोतीराम खाली गेले होते."

"चालतं का न्हाय?"

"आता चालत नाही."

अप्पांच्या खिशात धागे मोजायचं भिंग कायम असे. ते त्यांनी काढलं, उघडलं आणि डब्यावर वाकले. गिरणीतून आलेलं सूत ते असंच बघत. टोकं घासून तुटली आहेत की कुणी कापली आहेत हे त्यांना भिंगातून कळे, आणि त्यावरून ते गठ्ठे परत पाठवत. त्यावर कुणी वाद घालत नसे. आता ते बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ झाले. भिंग मिटलं, पण खिशात घातलं नाही.

"एकाच अंगाला झोपल्यात सगळ्या."

"हो."

"तीन रांगा."

"हो."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर काढून घेतली नाही. जोतीरामने पाय बदलला.

जिन्यावर पावलं वाजली आणि दानेश्वरी आत आली. खाली कुणीतरी तिला सांगितलं होतं. तिने उघडा डबा पाहिला, वर्तमानपत्रावरचे दोन प्रोसेसर पाहिले.

"काकू, तुम्ही कशाला हात घातला त्यात? जोतीराम होते ना? माझं सगळं काम त्यात आहे."

"फाईली डिस्कवर आहेत. डिस्कला काही झालेलं नाही."

"आणि कोचीचा नमुना? त्याला काय सांगू मी? काकूंचा हात लागला?" ती थांबली, पण फार नाही. "दोन वर्षं मला माउससुद्धा धरू दिला नाही. माझ्या हातून बिघडेल म्हणून."

"दाना," अप्पा म्हणाले.

"खरं तेच बोलतेय, अप्पा."

"काकूला बोलायचं काम न्हाय." त्यांनी भिंग खिशात घातलं. "नवीन घ्यायचं तर कुटलं घ्यायचं, ते जोतीरामला सांग. प्रोग्रॅम बी."

दानेश्वरीला ते लगेच कळलं नाही. तिने काकूकडे पाहिलं, पुन्हा बापाकडे.

"मी सांगू?"

"चालवनार कोन? मला वर्सभराचं मानूस नको, हे तुला ठावं हाय. चालवनार असशील तर सांग, न्हायतर आत्ताच न्हाय म्हन. मी दुसरा मानूस बघतो."

"आणि विजापूर?"

"त्यांना सांगू, पोरीचं हितं काम हाय म्हनून. चाललं तर बोलतील, न्हायतर ऱ्हायलं. ते माझं मी बघतो. तू तुझं सांग."

ती स्टुलावर बसली. हात मांडीवर ठेवले. क्षणभर ती शाळेतल्या मुलीसारखी दिसली, उत्तर येत असून उठायला घाबरणारी.

"चालवते," ती म्हणाली.

"बघ हां. यंत्राम्होरं हुभं ऱ्हायचं आनि मग माघारी फिरायचं, असं चालत न्हाय आपल्याकडं."

"चालवते म्हटलं ना, अप्पा."

अप्पांनी जोतीरामला खुणेने तिला खाली न्यायला सांगितलं. दानेश्वरी उठली. दाराशी ती वळली, आणि आता तिचा चेहरा मऊ झाला होता.

"सॉरी, काकू. मी फार बोलले. पण खरंच सांगते, असल्या नाजूक गोष्टी जोतीरामवरच सोडायच्या."

"हो," सिद्धेश्वरी म्हणाली.

जिन्यावरून तिचा आवाज येत राहिला. जोतीरामला ती घाईघाईने काहीतरी विचारत होती, पडद्याचा आकार, मेमरी, प्रोग्रॅम किती दिवसांत येईल. जोतीराम तुटक उत्तरं देत होता. मग दोघांचे आवाज आवारात गेले.

सिद्धेश्वरीने धातूची चौकट रिकाम्या चौकोनावर हळूच खाली केली आणि तार तिच्या खाचेत अडकवली. तिची बोटं स्थिर होती. अप्पा ती बोटं बघत होते. जेवणाची सुट्टी संपली, खाली पहिला माग सुरू झाला, मग दुसरा.

"सिद्धव्वा," ते म्हणाले. मागांच्या आवाजामुळे त्यांना जरा जवळ यावं लागलं. "चार-पाच वर्सं गेली असती म्हनालीस."

"गेली असती."

त्यांनी मान हलवली. ते दाराकडे गेले. चौकटीवर हात ठेवून थांबले.

"आनि तू? तू काय करनार आता?"

सिद्धेश्वरीने पुण्याहून आलेला प्रोसेसर स्पंजात गुंडाळत आणला होता. तो तिने पूर्ण गुंडाळून टेबलावर ठेवला.

"ते अजून तपासलं नाही, अप्पा," ती म्हणाली.